शेंबीचे आठ कवडसे

अजूनही दुपारी पाठ टेकली आणि डोळा लागायच्या बेतात आला, की पापण्यांआड पिवळे कवडसे चालू लागतात. काळ्या भिंतीवरून, एकामागून एक, अजिबात घाई न करता. मी ते ओठांतल्या ओठांत मोजते आणि मोजता मोजता झोपते. नातवंडांना वाटतं म्हातारी जप करतेय. वाटू दे. जप करणारी म्हातारी घरात असली की लोकांना बरं वाटतं, आणि मला कुणी उठवत नाही.

ते कवडसे परंड्यातल्या आमच्या घरातले. तेव्हा परंडा मोगलाईत होतं, म्हणजे निजामाच्या राज्यात. जगातली दुसरी मोठी लढाई संपत आली होती की नुकतीच संपली होती, ते आता नीट सांगता येत नाही. लोखंड मिळेनासं झालं होतं एवढं पक्कं आठवतं. किल्ल्याच्या खंदकापासून हाकेच्या अंतरावर आमचं धाब्याचं घर होतं. मातीचं छत, छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्याला सवणं म्हणायचे, आणि भट्टीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत सदा तिन्हीसांज. त्या अंधारात सवण्यातून उन्हाचा एक खांब खाली यायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. मी नवी नवरी होऊन त्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस नुसती त्या खांबाकडं बघत बसायचे, कारण बोलायला कुणी नव्हतं.

मी कळंबची. वडील बाजारात धान्य मापायचे. आमच्या ओसरीवर सकाळपासून माणसं, गाड्या, हुज्जती. मी चालायच्या आधी बोलायला लागले, असं आई सांगायची. इथं सासूबाई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच वारलेल्या. घरात दोनच पुरुष, मामंजी आणि मालक, म्हणजे माझे सासरे, मालकांचे आबा, आणि माझा नवरा. दोघंही असे, की एकानं 'पाणी' म्हटलं तर दुसऱ्याला ते भाषण वाटावं.

त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या व्हायच्या. स्वयंपाकघरातल्या. मला याचं हसू यायचं. माझ्या माहेरी भाजी चिरायची ती विळीवर, खाली बसून. सुरी म्हणजे खाटकाच्या हातातली. पण परंड्यातल्या मुसलमान घरांतून आणि आसपासच्या जहागीरदारांच्या बावर्चीखान्यांतून मामंजींच्या सुऱ्यांना मागणी होती. पातं काय, कुणीही चांगला लोहार घडवेल. आमच्या सुरीची ओळख होती शेंबी. पातं संपून लाकडी मूठ जिथं सुरू होते, त्या सांध्यावर पितळेचं एक जाड कडं बसवतात, ती शेंबी. बाकीचे लोक ती गोल ठेवत. आमची आठ पैलूंची. चरबीनं हात माखला तरी बोट तिच्यावरून घसरत नाही, आणि सुरी खाली ठेवली तर लोळत नाही. मात्र पैलू सगळे सारखे हवेत आणि सगळे सरळ हवेत. एखादा जरी पात्याकडं किंवा मुठीकडं झुकला तरी ढीगभर कांदे चिरणाऱ्या माणसाचं मनगट संध्याकाळी दुखतं.

पैलू घासायचे सराणीवर. लाखेत कुरुंदाची भुकटी कालवून केलेलं चाक म्हणजे सराण. तिच्या आसाला म्हशीच्या कातड्याची वादी गुंडाळलेली असायची. वादीची दोन्ही टोकं धरून समोर बसायचं आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसं एकदा उजवं टोक ओढायचं, एकदा डावं. चाक एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. घासणारा पलीकडं बसतो; चाक पुढं फिरत असतं तेवढा वेळ शेंबी टेकवतो, मागं फिरायला लागलं की उचलतो. वादी ओढायचं काम बाईचं. कारागिरानं वादीला हात लावायचा नाही आणि बाईनं शेंबी सराणीला टेकवायची नाही, अशी त्या घराची रीत. सासूबाईंमागं वादी ओढायला कुणी उरलं नाही, म्हणून मालकांचं लग्न घाईघाईनं उरकलं होतं. 'बायको आणली का वादीवाली आणली?' असं मी त्यांना पुढं कितीदा तरी विचारलं. ते नुसते हसायचे.

पण खरं सांगायचं तर मला ती वादी आवडायला लागली. मी ओढायचे, ते टेकवायचे. मी सैल सोडायचे, ते उचलायचे. थोड्याच दिवसांत मला वादीतून त्यांचा हात कळायला लागला. मनात काही खुपत असलं की ते पितळ दाबून धरत आणि वादी जड व्हायची. खुशीत असले की ती माझ्या हातांतून सुळसुळ जायची. मग मीही कधी मुद्दाम हळू ओढायचे. ते मान वर करायचे, आमची नजर मिळायची आणि मामंजी खाकरायचे. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती आणि सासरे तर दिवसभर समोरच. आमचा पहिल्या वर्षाचा निम्मा संसार त्या वादीवरच झाला. सराणीची घरघर, तापलेल्या पितळेचा वास, कातड्याला लावलेलं तेल, आणि शेजारून सरकत चाललेला उन्हाचा खांब, त्यात तरंगणारी धूळ. माझे डोळे उघडे असायचे पण मी कुठं असायचे देव जाणे. कधी कळंबच्या ओसरीवर, कधी अजून न झालेल्या लेकराच्या पाळण्यापाशी, कधी कुठंच नाही. हात आपले चालू. मी त्या वर्षी फार सुखात होते.

शेंबी पारखायची वेळ दिवसातून एकदाच यायची. उन्हाचा खांब भिंतीजवळच्या लाकडी ठोकळ्यावर आला की सराण थांबायची. ठोकळ्याला खाच होती. तीत सुरी आडवी ठेवायची आणि मूठ धरून हळूहळू फिरवायची. ऊन शेंबीच्या पैलूवर पडायचं आणि समोरच्या काळ्या भिंतीवर पिवळा कवडसा उमटायचा. सुरी फिरेल तसा तो वर चढत जायचा आणि विरायचा, मग खालून पुढच्या पैलूचा कवडसा यायचा. भिंतीवर चुन्याची एक उभी रेघ ओढलेली होती. पैलू सरळ असेल तर कवडसा त्या रेघेवरूनच चढायचा. झुकलेला असेल तर रेघ सोडून बाजूला जायचा. फिरवणारा मोठ्यानं आकडा म्हणायचा, एक, दोन, तीन, आणि आठपर्यंत घरात कुणी हलायचं नाही. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

त्या भिंतीवर मालकांचं सगळं अडलं होतं. मामंजींच्या सुऱ्यांवर त्यांचा स्वतःचा ठसा असायचा, पिंपळपानाचा. मुलाची शेंबी बापानं भिंतीवर पाहून 'व्हय' म्हटलं, की मुलाला त्याचा ठसा मिळायचा, आणि त्याची पहिली सुरी चैत्रात सोनारीच्या जत्रेत भैरवनाथापुढं ठेवायची. तोवर मुलाची सुरी बिनठशाची, म्हणजे शिकाऊ माणसाची. मालकांना मिसरूड फुटल्यापासून ते पैलू घासत होते. आणि मामंजी रोज म्हणायचे, "न्हाय. उद्या बघू." कुठला पैलू वाकडा, ते सांगायचे नाहीत. पूर्वी सांगायचे म्हणे.

माघात मालकांचा एक दोस्त कुर्डुवाडीहून आला. कुर्डुवाडी इंग्रजी हद्दीत. तिथं रेल्वेच्या कारखान्यात तो कामाला होता आणि यांनाही लावून देतो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मालक माझ्यामागं विहिरीवर आले. दिवसाउजेडी असे ते कधी येत नसत.

"जत्रंपतूर आबा व्हय म्हणले तर म्हणले," ते म्हणाले. "न्हाय तर म्या चाललो कुर्डुवाडीला."

"अन् मी?"

"तू हितंच. आबांना टाकून दोघांनी कसं जावं?"

पोहरा तसाच विहिरीत सोडून मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या अंधाऱ्या घरात मी, एक न बोलणारा म्हातारा आणि कुणी न फिरवलेली सराण. मला ते मुळीच नको होतं. पण त्यांचंही खोटं नव्हतं. पोरवयाच्या माणसासारखं रोज 'न्हाय' ऐकून घेणारा नवरा मलाही बघवत नव्हता.

त्या दिवसापासून मी भिंतीकडं डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. आणि मला दिसायला लागलं, की मालकांचे आठही कवडसे रेघेवरून सरळ जातायत. आज सरळ, उद्याही सरळ. आणि मामंजी म्हणतायत, "न्हाय. उद्या बघू." मला असा संताप यायचा! म्हाताऱ्याला आपल्या पिंपळपानाशेजारी दुसरं पान नको आहे, असं मी मनात म्हणायचे. त्याहून वाईटही म्हणायचे, ते इथं लिहीत नाही.

फाल्गुनातली गोष्ट. सुरी खाचेत होती, मालकांनी "तीन" म्हटलं, आणि एकदम अंधार झाला. शेजाऱ्यांची शेळी धाब्यावर चढून नेमकी सवण्यावर येऊन उभी राहिली होती. भिंत काळीठिक्कर. मालक वर बघत थांबले, मीही वर बघितलं. शेळी ओरडलीसुद्धा नाही. आणि त्या अंधारात मामंजी, भिंतीकडं तोंड करून, शांतपणे म्हणाले, "न्हाय. उद्या बघू."

मालक उठले आणि शेळी हाकलायला बाहेर गेले. मी मामंजींकडं बघत राहिले. ते रेघेकडं बघतच नव्हते. रेघेच्या बरंच डावीकडं, जिथं काहीच नव्हतं तिथं, त्यांची नजर लागली होती. मग मला एकेक आठवायला लागलं. ताटातली भाकरी बोटांनी चाचपणं. गुडघ्याचं निमित्त करून घण खाली ठेवणं. उंबऱ्याशी क्षणभर थांबणं. माझा सगळा राग उतरला आणि त्याजागी मला रडू यायला लागलं.

मालक लाख आणायला बाजारात गेले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन मामंजींसमोर बसले. सुनेनं सासऱ्यासमोर असं बसायचं नसतं. मी बसले.

"मामंजी, मगाशी भिंतीवर काय बी नव्हतं."

त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. मग म्हणाले, "मागल्याच्या मागल्या दिवाळीपासनं उजेड तेवढा कळतो. कवडसा न्हाय कळत."

"मग न्हाय कशापायी म्हणता? मी बघते की रोज. आठबी सरळ जात्यात."

"न बघता व्हय म्हणू? माझ्या बापानं मला बघून दिलाय ठसा."

"अन् न बघता न्हाय म्हणता, ते चालतं व्हय?"

माझी जीभ अशीच आहे. पण ते रागावले नाहीत. त्यांनी तांब्या हातानं शोधला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्याला सांगितलं तर तो माझ्या डोळ्यांपायी हितं ऱ्हाईल, पोरी. आंधळा बाप सांभाळायला. तसं नगं. त्याला कामापायी ऱ्हायचं आसंल तर ऱ्हाऊ दे, न्हाय तर जाऊ दे." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुला नीट दिसतं का कवडसा?"

"लई नीट."

"मग तू बघ. वादीचं एक टोक तुझ्या हातात आसू दे, दुसरं माझ्या. वाकडा आला की हळू वढ. तो आकडा म्हणतोच, मला कळंल कितवा ते. पर खोटं वढू नगंस, अन् खोटं दडवू नगंस. घे भैरवनाथाची आण."

मी मोठ्या आनंदानं आण घेतली. का नाही घेणार? कवडसे सरळच होते. वादी ओढायची वेळच येणार नव्हती. ते व्हय म्हणतील, मालक राहतील, आणि कुणाला काही कळायचंही नाही. त्या रात्री मला अशी गाढ झोप लागली की विचारू नका.

दुसऱ्या दिवसापासून आभाळ भरून आलं. अवकाळी ढग. ऊन नाही, खांब नाही, पारख नाही. दिवस जात राहिले. जत्रा तोंडावर आली, मालकांनी आपली वळकटी बांधून कोपऱ्यात ठेवली, आणि जत्रेला निघायच्या दोन दिवस आधी ऊन पडलं.

सुरी खाचेत ठेवली. मालक आमच्याकडं पाठ करून बसले. मी माझ्या जागी, मामंजी सराणीच्या बाजूला पोत्यावर, वादीचं टोक त्यांच्या मुठीत. "एक," मालक म्हणाले. कवडसा रेघेवरून चढला. दोन. तीन. इतकं सुंदर पिवळं ऊन मी पुन्हा पाहिलं नाही. चार. पाच. मला गुंगी आल्यासारखं झालं. कवडसे माझ्याच अंगातून वर चढत होते असं वाटायला लागलं. मनात मी केव्हाच जत्रेला पोहोचले होते.

"सहा," मालक म्हणाले, आणि कवडसा रेघ सोडून उजवीकडं गेला.

थोडाथोडका नाही. चांगला बोटभर. मी डोळे मिटून उघडले. तो तिथंच होता, रेघेच्या बाहेर, हळूहळू वर चढत. मी वादी ओढली नाही तर मामंजी व्हय म्हणणार होते. नवरा माझ्याजवळ राहणार होता. कुणाला कळणार होतं? ज्याला कळायचं त्याला दिसत नव्हतं. कवडसा निम्मा चढला होता. भैरवनाथाची आठवण मला त्या घटकेला झाली नाही, हे खरं सांगते. पण त्या वादीवरून मी वर्षभर जे काही बोलले होते ते खरं बोलले होते, आणि हातांना दुसरं काही येत नव्हतं. मी ओढली.

सात सरळ गेला. आठ सरळ गेला.

"सहावा वाकडा हाय," मामंजी म्हणाले. "बाकी ठीक."

मालक जागचे हलले नाहीत. मग त्यांनी सुरी खाचेतून काढली, ठोकळ्यावर ठेवली आणि बाहेर निघून गेले. मी आत जाऊन त्यांच्या वळकटीशेजारी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. भाकऱ्या बांधून द्यायला हव्यात म्हणून पीठ मळायला घेतलं, तेही खारट झालं असेल. मामंजी बाहेर पोत्यावर तसेच बसून होते. त्यांनी मला हाक मारली नाही आणि मीही गेले नाही.

दिवेलागणीला मालक परत आले. खंदकाच्या बाजूनं आले असावेत, पायाला गवताची कुसळं होती. ते थेट सराणीवर बसले आणि मला म्हणाले, "वादी घे." मी बसले. त्यांनी सहावा पैलू टेकवला. वादी इतकी हलकी होती, की माझा माझ्या हातांवर विश्वास बसेना. चार फेऱ्यांत त्यांनी तो नीट केला, अंगठा फिरवून बघितला आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी आठही कवडसे रेघेवरून गेले. वादी माझ्या हातात निपचित पडून होती. मामंजी म्हणाले, "व्हय," आणि स्वतः उठून, भिंतीला हात लावत लावत, कोनाड्यातून चिंधीत बांधलेला नवा ठसा घेऊन आले. मालकांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मालकांना ती माया वाटली. ती होतीच.

सोनारीला आम्ही बैलगाडीनं निघालो. मामंजी गाडीत झोपले होते, मी आणि मालक मागून पायी. वाटेनं लिंबाचा मोहर गळत होता, बैलांच्या पाठीवर, आमच्या डोक्यांवर. मालक बोलायला लागले. त्यांना इतकं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार ऐकलं नाही.

"तुला सांगू का? तो सहावा म्या मुद्दाम वाकडा घासला हुता."

मी चालायची थांबले.

"शेरडाच्या दिवशी मला वाटलं, आबा भिंतीकडं बघतच न्हाईत. न बघताच मला न्हाय म्हणत्यात. लई वंगाळ वाटलं. म्हणलं, एकदा काय ते कळू दे. व्हय म्हणले असते, न्हाय तर नुसतं न्हाय म्हणले असते, तर त्याच पावली कुर्डुवाडी गाठली असती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. "पर आबांनी बराबर सहावा धरला! अगं, म्हातारा सगळं बघत हुता. शेरडाच्या दिवशीबी पयल्या तिनांतच वाकडा दिसला आसंल. म्हंजी आधीच्या समद्या सुऱ्या खरंच वाकड्या हुत्या. मलाच कळत नव्हतं. उगं मी त्यांच्यावर जळत बसलो."

आधीची एकही सुरी वाकडी नव्हती. ते माझ्या अगदी ओठांवर आलं. मी गाडीकडं बघितलं. मामंजी झोपलेले नव्हते; उघड्या डोळ्यांनी आभाळाकडं तोंड करून पडले होते, आणि सगळं ऐकत होते. मी बोलले असते तर मालकांना त्यांच्या सुऱ्या परत मिळाल्या असत्या आणि बाप गेला असता.

"व्हय," मी म्हटलं. "मामंजींची नजर लई बारीक हाय."

मालकांनी मान हलवली आणि ते लेकरासारखे पुढं जाऊन गाडीला हात लावून चालायला लागले. त्यांनी पुढं आयुष्यभर सुऱ्या केल्या, त्या नावाजल्या गेल्या. मामंजींना दिसत नाही हे पुढं उघड झालं, तेव्हा नजर जत्रेनंतर गेली असंच त्यांनी धरलं. पण तरुणपणी आपण वर्षभर एकही शेंबी सरळ घासली नाही, असं ते शेवटपर्यंत सांगायचे, आणि सांगताना बापाचं कौतुक करायचे. मी शेजारी बसून ऐकायचे. त्या सगळ्या सुऱ्या सरळ होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या.